जुनी ग्रंथसूची पुन्हा छापायची तर: गोव्यात केलेल्या कामाची रीत

पणजीत पाटोवरच्या कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जुन्या पुस्तकांच्या नोंदी उतरवून घेत बसलं की आजूबाजूच्या टेबलांवर काय आहे तेही दिसतं. बहुतेक संशोधकांसमोर मूळ ग्रंथसूची, म्हणजे पुस्तकांची तपशीलवार छापील यादी, नसते, तिच्या झेरॉक्सची झेरॉक्स असते. शिवणीकडचे शब्द काळ्या पट्ट्यात गेलेले असतात, शेवटची दोन पानं काढायची राहून गेलेली असतात आणि नोंदीचा क्रमांक ३१३ की ३१८ हे कुणालाच खात्रीनं सांगता येत नाही. माझ्याकडेही बरीच वर्षं अशीच एक प्रत होती. तिच्यात चुकीच्या वाचलेल्या एका सालामुळे, कधी निघालीच नव्हती अशी आवृत्ती शोधण्यात माझे दोन उन्हाळे गेले. त्यानंतर फोंड्यातल्या आम्ही चौघांनी मिळून एक छोटी संदर्भसूची रीतसर पुन्हा छापली, मग दुसरी. त्या दोन कामांत जे हाती लागलं ते इथे क्रमानं मांडते आहे.

गोव्यात या कामाला एक वेगळंच वजन आहे. भारतातला पहिला छापखाना १५५६ साली जुन्या गोव्यात, सेंट पॉल कॉलेजात सुरू झाला. त्या वर्षी छापलेल्या पहिल्या पुस्तकाची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणाच्या १६१६, १६४९ आणि १६५४ या तिन्ही छापील आवृत्त्यांचंही तेच. पुढे १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापलं गेलं ते हस्तलिखितांच्या आधारानं. ही पुस्तकं एकेकाळी होती हे आपल्याला कळतं, कारण कुणीतरी त्यांची नोंद करून ठेवली. म्हणून नोंदींचं पुस्तक पुन्हा छापताना अंक, साल, क्रमांक यांतलं काहीही हलू द्यायचं नाही, ही या कामाची पहिली अट. पुढच्या सगळ्या पायऱ्या तिच्यातूनच निघतात.

कोणतं पुस्तक घ्यायचं

दुर्मिळ आहे एवढ्यावर निवड करू नका. दुर्मिळ पण निरुपयोगी झालेल्या सूची पुष्कळ आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले गोव्यावरचे पाच-सहा चांगले प्रबंध उघडा आणि तळटिपा पाहा. ज्या सूचीचा पान क्रमांकासह उल्लेख अजून येतो ती जिवंत आहे.

गोव्यापुरतं बोलायचं तर अशी नावं थोडीच आहेत. इस्माएल ग्रासियस यांनी सोळाव्या ते अठराव्या शतकातल्या गोव्यातल्या मुद्रणावर लिहिलेलं पोर्तुगीज पुस्तक १८८० साली इथल्याच सरकारी छापखान्यात छापलं गेलं. अ. का. प्रियोळकरांचं भारतातल्या मुद्रणकलेच्या प्रारंभावरचं इंग्रजी पुस्तक १९५८ चं, मुंबईच्या मराठी संशोधन मंडळानं काढलेलं. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दफ्तरखान्याची ओळख करून देणारी मार्गदर्शिका १९५५ साली बास्तोड्याच्या रांजेल छापखान्यातून काढली. हेन्री शोलबर्ग यांची गोवा आणि भारतातले पोर्तुगीज या विषयावरची ग्रंथसूची १९८२ ची. मराठीकडे वळलं तर शं. ग. दात्यांची मराठी ग्रंथसूची, जिला सगळे नुसतं ‘दाते सूची’ म्हणतात. ती राज्य मराठी विकास संस्थेनं पुन्हा छापली आणि एका पिढीची सोय झाली.

नवी, अधिक पूर्ण सूची निघाली असेल तर जुनी छापण्यात अर्थ नाही असं काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. ग्रासियस यांच्यानंतर प्रियोळकरांनी तो विषय खूप पुढे नेला, तरी १८८० साली कोणाला काय ठाऊक होतं हे पाहायला १८८० चंच पुस्तक लागतं. मात्र मूळ पुस्तकाचं चांगलं स्कॅन सर्वांसाठी खुलं असेल, तर नुसती छापील नक्कल काढून फारसं साधत नाही. त्याला नवी अनुक्रमणिका, नवी प्रस्तावना, आज प्रती कुठे आहेत त्याची यादी यांची जोड देणार असाल तरच हात घाला.

ग्राहक दोन प्रकारचे असतात, हेही आधीच लक्षात घ्या. संशोधकाला नोंद लवकर सापडायला हवी असते. संग्राहकाला हातातली प्रत पूर्ण आहे की नाही, पहिल्या आवृत्तीची आहे की नाही हे तपासायचं असतं. त्याला आकार, पृष्ठसंख्या, चित्रपृष्ठांची संख्या, शीर्षकपृष्ठावरच्या ओळी हवे असतात. मूळ सूचीत हे तपशील नसतील तर ते परिशिष्टात देता येतात, आणि माझ्या अनुभवात त्या परिशिष्टासाठीच निम्म्या प्रती जातात.

हक्क

इथे घाई करू नका. सूची म्हणजे नुसती माहिती, तिला कसला आलाय कॉपीराइट, असं ऐकायला मिळतं. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत संकलनंही येतात. सूचीकारानं केलेली निवड, वर्गवारी, टिपणं ही त्याची कृती आहे.

मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. ती मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. आसगावचे सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो १९२२ साली वारले. त्यांचा दोन खंडांतला पोर्तुगीज-आशियाई शब्दकोश (१९१९–१९२१) केव्हाच मोकळा झाला आहे. पिसुर्लेकर १९६९ साली गेले, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेखनाचे हक्क ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत. प्रियोळकर १९७३ साली, म्हणजे २०३३ अखेरपर्यंत. पोर्तुगालमध्ये ही मुदत ७० वर्षांची आहे, तेव्हा लिस्बनला प्रती विकायच्या असतील तर तिथला हिशेब वेगळा करा.

एकाच पुस्तकात हक्कांचे थर असतात, हे फार जण विसरतात. स्टीफन्सची ‘दौत्रीन क्रिश्तां’ ही कोकणी धर्मशिक्षणाची पोथी १६२२ साली साष्टीतल्या रायतूरला (राशोलला) छापली गेली. तिच्यावर कुणाचा हक्क उरलेला नाही. पण १९४५ साली मारियानु साल्दान्य यांनी लिस्बनहून तिची प्रतिरूप आवृत्ती (मूळ पानांची चित्रं जशीच्या तशी छापलेली) काढली, तिच्यातली प्रस्तावना, टिपा आणि शब्दसूची साल्दान्यांची आहेत. जुना मजकूर मोकळा म्हणून १९४५ चं पुस्तक जसंच्या तसं उचलता येत नाही. प्रियोळकरांच्या १९५८ च्या पुस्तकातही कुन्य रिव्हारा या पोर्तुगीज अभ्यासकांचा कोकणी भाषेवरचा निबंध इंग्रजी भाषांतरात आहे. मूळ निबंध एकोणिसाव्या शतकातला. भाषांतराचा हक्क मात्र भाषांतरकाराचा. पानं उलटत प्रत्येक भागाचा लेखक, भाषांतरकार, नकाशा काढणारा, छायाचित्रकार यांची यादी करा आणि प्रत्येकासमोर मृत्यूचं साल लिहा.

हक्क चालू असतील तर वारसांकडे जावं लागतं, आणि गोव्यात वारसा हा विषय वेगळा आहे. इथल्या समान नागरी कायद्यात मुलगे-मुली दोघांना सारखा वाटा असतो, पतिपत्नींची मालमत्ता साधारणपणे समाईक धरली जाते. थोरल्या मुलानं आनंदानं सही दिली म्हणजे काम झालं असं नाही. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया, झाली आहे का ते विचारा, तिचे कागद पाहा, सगळ्या वारसांच्या सह्या घ्या. पत्रात हे स्पष्ट लिहा: कोणतं पुस्तक, किती प्रती, कोणत्या भाषेतली नवी भर, छापील की डिजिटलही, किती वर्षांसाठी, मोबदला किती. आम्हाला दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी सात सह्या लागल्या, त्यांतली एक कॅनडाहून आली, आणि त्यात पाच महिने गेले. तरी सांगते, वारसांना भेटायला स्वतः जा. एका घरी चहा पिताना कपाटातून लेखकाची स्वतःची प्रत निघाली. तिच्या समासात त्यानं पुढे सापडलेल्या नोंदी पेन्सिलीनं लिहून ठेवल्या होत्या. त्या आम्ही परवानगीनं पुरवणीत घेतल्या.

हक्कदार सापडतच नसेल तर कायद्याच्या कलम ३१-अ मध्ये परवान्याची तरतूद आहे. वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते, रीतसर अर्ज करावा लागतो. हे वकिलाशिवाय करू नका.

मूळ प्रत ठरवणं

एका प्रतीवरून कधीही छापू नका. किमान दोन प्रती शोधा, तीन मिळाल्या तर उत्तम. पाटोच्या ग्रंथालयाखेरीज ताळगावचं गोवा विद्यापीठाचं ग्रंथालय (तिथे पिसुर्लेकरांचा स्वतःचा संग्रह आहे), पर्वरीचं झेवियर इतिहास संशोधन केंद्र, मुंबईत एशियाटिक सोसायटी आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे चौकशी करा.

दोन्ही प्रती शेजारी ठेवून पान न् पान जुळवायचं. कंटाळवाणं काम आहे, दोघांनी मिळून करावं: एकानं पान क्रमांक आणि पानावरचा पहिला-शेवटचा शब्द मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं ताडून पाहायचा. आमच्या पहिल्या पुस्तकाची प्रत दिसायला अगदी पूर्ण होती, बांधणी घट्ट, जाडी बरोबर. जुळवायला बसलो तेव्हा कळलं की पृष्ठं ८१ ते ९६ दोनदा आहेत आणि ९७ ते ११२ नाहीतच. बांधणाऱ्यानं एक फर्मा (एकत्र घडी घातलेला १६ पानांचा गठ्ठा) दोनदा घालून पुढचा वगळला होता, आणि एवढ्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

शुद्धिपत्र विशेष शोधा. ते बहुतेक वेळा सुटं, नंतर चिकटवलेलं असतं आणि पुन्हा बांधणी करताना हरवतं. गार्सिया द ऑर्तांचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं गेलं, त्याला पानंच्या पानं शुद्धिपत्र जोडावं लागलं होतं. ते वगळून कुणी ते पुस्तक वाचेल तर छापखान्याच्या चुका लेखकाच्या म्हणून घेईल. तसंच जुनं मुखपृष्ठ, पाठीमागच्या जाहिराती, हप्त्याहप्त्यानं निघालेल्या ग्रंथाची वेष्टनं. ग्रंथालयाच्या बांधणीत ही पानं फेकली जातात आणि प्रकाशनाची खरी तारीख कधी कधी तिथेच असते. घडीचे नकाशे आणि तक्ते उलगडून, मोजून, जागा टिपून ठेवा.

स्कॅनिंग

गोव्यात हे काम पावसाळ्यात करू नका. जून ते सप्टेंबर कागद इतका दमट असतो की पानं लहरी धरतात, जुना सरस मऊ होतो, आणि वातानुकूलित खोलीतून बाहेर काढलेल्या पुस्तकावर ओल धरते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने राखून ठेवा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा आम्लधर्मी कागद आला. तो पिवळा पडतो आणि दुमडला की तुटतो. त्याहून जुना चिंध्यांचा कागद तुलनेनं दणकट असतो, त्याला शत्रू वाळवी आणि कसर.

पुस्तक १८० अंशांत उघडून काचेवर दाबायचं नाही. इंग्रजी व्ही अक्षरासारखा पाळणा करून, ९० ते १०० अंशांत उघडून वरून टिपायचं. ग्रंथालयाकडे ओव्हरहेड स्कॅनर असेल तर त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, शुल्क भरा आणि छापायची परवानगी लेखी मागा. वाचायला दिलेली प्रत छापायला दिली असं होत नाही. नुसता मजकूर असेल तर ६०० डीपीआय, छायाचित्रं असतील ती पानं ४०० डीपीआय ग्रे किंवा रंगीत. साठवायचं टिफ या, चित्राचा तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात. दर सत्राच्या सुरुवातीला पानाशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून एक चित्र घ्या. मूळ आकार नंतर त्यावरूनच कळतो. फाइलचं नाव पान क्रमांकावरून द्या, कॅमेऱ्याच्या क्रमावरून नको. संध्याकाळी उठण्याआधी फाइली मोजा. सुटलेलं पान त्याच दिवशी लक्षात यायला हवं, कारण पुस्तक उद्या पुन्हा मिळेलच असं नाही.

सफाई, आणि इथला मोठा धोका

स्कॅन केलेली पानं सरळ करणं, समास सारखे करणं, पिवळेपणा काढणं यासाठी स्कॅनटेलरसारखी मोफत सॉफ्टवेअर पुरेशी आहेत. पण त्यांत ठिपके पुसण्याची जी सोय असते ती बंदच ठेवा. तिला धुळीचा कण आणि अनुस्वार यांतला फरक कळत नाही. पोर्तुगीजमधली अक्षरावरची लाट, सी खालची शेपटी, मराठीतलं टिंब, नुक्ता, पूर्णविराम, सगळं धूळ म्हणून जातं. आमच्या पहिल्या चाचणीत एका पानावरचे अकरा अनुस्वार गेले होते. डाग हातानं पुसायचे, एकेका पानावर, मूळ चित्र शेजारी उघडं ठेवून.

दुसरा धोका याहून वाईट, कारण तो दिसत नाही. काळी-पांढरी पानं आकारानं लहान करण्यासाठी जेबिग-२ नावाची एक पद्धत वापरतात. तिच्या एका प्रकारात सारखी दिसणारी चिन्हं एकच समजून एकाच्या जागी दुसरं बसवलं जातं. २०१३ साली जर्मनीतल्या एका संगणकतज्ज्ञानं दाखवून दिलं की काही ऑफिस मशीनच्या स्कॅनमध्ये ६ च्या जागी ८ येत होता, तोही स्वच्छ, सुबक छापल्यासारखा. कादंबरीत हे चालून जाईल. सूचीत साल आणि पान हाच जीव असतो. म्हणून पीडीएफ करताना माहिती न गमावणारी पद्धतच निवडा आणि छापखान्याला पाठवलेल्या अंतिम फाइलमधली निदान पन्नास पानं मूळ पुस्तकाशी अंक न् अंक ताडून पाहा.

फाटलेल्या अक्षराची जागा अंदाजानं भरू नका. दुसऱ्या प्रतीतून तेवढाच तुकडा घ्या आणि कुठे घेतला त्याची नोंद ठेवा. दुसऱ्या प्रतीतही नसेल तर जागा तशीच ठेवा, टीप द्या.

प्रतिरूप की नवी जुळणी

हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. नव्यानं टाइप केलं की पान स्वच्छ दिसतं, शोधता येतं, पानं कमी होतात. तरीही संदर्भग्रंथासाठी माझं मत पक्कं आहे: मूळ पानांचं प्रतिरूपच छापावं. शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्या सूचीचा दाखला दिला, त्यांनी पान क्रमांक दिला आहे. पानं बदलली की ते सगळे दाखले एका फटक्यात तुटतात. शिवाय नवी जुळणी म्हणजे नवं मुद्रितशोधन. १८८० सालचं पोर्तुगीज, तेही १९११ च्या शुद्धलेखन सुधारणेच्या आधीचं, तपासणारं माणूस आज गोव्यात शोधूनच काढावं लागतं. दालगादोंच्या कोशासारख्या ग्रंथात तर एकाच पानावर रोमन, देवनागरी, अरबी असे शब्द येतात.

मूळ पानं अगदीच वाचता येत नसतील तरच नवी जुळणी करा, आणि मग प्रत्येक पानाच्या समासात जुना पान क्रमांक द्या.

शोधता येण्याची सोय वेगळ्या वाटेनं करता येते. टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) पोर्तुगीज आणि मराठी दोन्ही वाचतं. त्याचा मजकूर छापू नका, तो चुकांनी भरलेला असतो. पण नवी अनुक्रमणिका करताना कच्चा माल म्हणून फार उपयोगी पडतो.

नवी भर कुठे आणि कशी

मूळ पानाला हात लावायचा नाही, आपल्याला जे कळलं आहे ते पुढे किंवा मागे लिहायचं. आम्ही एक सोपी युक्ती केली, ती कुणीही उचलावी. मूळ पानांवरचे क्रमांक आंतरराष्ट्रीय अंकांत होते, आमच्या मराठी प्रस्तावनेला आणि पुरवणीला आम्ही देवनागरी अंक दिले. दाखला देणाऱ्याला कुठलं पान मूळचं आणि कुठलं आताचं हे अंक पाहूनच कळतं.

प्रस्तावनेत आठवणी आणि आभार थोडक्यात आटपा. तिथे आधी हे सांगायला हवं: कोणत्या ग्रंथालयातल्या कोणत्या प्रतीवरून छापलं, कोणती पानं दुसऱ्या प्रतीतून घेतली, आकार मूळचाच आहे की लहान-मोठा केला, डाग पुसले का, शुद्धिपत्र आणि नकाशे मुळात कुठे होते.

नव्या अनुक्रमणिकेवर सर्वांत जास्त वेळ द्या. गोव्याच्या सूचींत एकच माणूस चार रूपांत येतो. पिसुर्लेकर हे नाव पोर्तुगीज पद्धतीनं सी घालून लिहिलेलं असतं, इंग्रजीत के घालून. पणजी कुठे पांजिम, कुठे पांगिम, तर १८४३ नंतरच्या शीर्षकपृष्ठांवर ‘नोव्हा गोवा’. म्हापसा, मडगाव, साष्टी, बार्देश सगळ्यांचं असंच. छापखाना या शब्दाचं पोर्तुगीज स्पेलिंगही १९११ च्या सुधारणेनं बदललं. मराठी वाचक प्रियोळकरांना ‘प्रि’ खाली शोधेल. जुन्या पोर्तुगीज सूचीत लेखक पहिल्या नावाखालीही लावलेले सापडतात. म्हणून सगळी रूपं एका नावाखाली आणा आणि बाकीच्या रूपांसमोर ‘पाहा’ म्हणून दाखवा. देवनागरी आणि रोमन अशा दोन वेगळ्या अनुक्रमणिका कराव्यात असं मला वाटतं. एकत्र केलेली कुणालाच धड वापरता येत नाही.

चुका दुरुस्त करायच्या तर नोंद क्रमांक देऊन परिशिष्टात. नव्यानं सापडलेलं पुस्तक असेल तर त्याला १२७-अ असा क्रमांक द्या, म्हणजे मूळ १२८ आपल्या जागी राहतो. आणि प्रत्येक दुर्मिळ पुस्तकापुढे, तुम्ही स्वतः पाहिली असेल तर, आज प्रत कुठे आहे ते लिहा. न पाहिलेल्या प्रतीपुढे तशी खूण करा. ऐकीव माहिती पाहिल्यासारखी छापली की पुढची तीन पुस्तकं ती चूक उचलतात.

कागद, छपाई, बांधणी

डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), १६ पानांचा फर्मा, नॅचरल शेडचा ७० जीएसएम मॅपलिथो कागद. ४८० पानांचं पुस्तक म्हणजे ३० फर्मे, आणि नुसत्या कागदाचं वजन प्रतीमागे साधारण ५१० ग्रॅम. पांढराशुभ्र कागद प्रतिरूपाला चांगला दिसत नाही, डोळ्यांवरही येतो. कागदाचा ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवा, हे छापखान्याला लेखी सांगा. उलटा लागला तर पहिल्याच पावसाळ्यात पुस्तक तोंड वासतं. आतला समास मूळ पुस्तकापेक्षा पाच-सहा मिलिमीटर जास्त ठेवा, कारण संदर्भग्रंथ लोक टेबलावर उघडा ठेवून वापरतात.

बांधणीत पैसे वाचवू नका. नुसत्या सरसानं चिकटवलेलं पुस्तक गोव्याच्या हवेत चार-पाच वर्षांत पानं सोडतं, आणि हे पुस्तक वीस वर्षं रोज उघडलं जाणार आहे. फर्मे शिवून घ्या, वर कापडी किंवा चांगल्या पुठ्ठ्याची बांधणी. छपाईआधी कोऱ्या कागदाची डमी मागा, पाठीची रुंदी तिच्यावर मोजा, मगच मुखपृष्ठ करा. ३०० पर्यंत प्रती असतील तर डिजिटल छपाईचे दर बहुधा परवडतात. त्यापुढे ऑफसेटचेही मागवून पाहा. आम्ही दोन्ही वेळा ३०० काढल्या.

जुन्या शीर्षकपृष्ठाचं प्रतिरूप द्याच, पण त्याआधी स्वतःचं नवं शीर्षकपृष्ठ आणि मागे मुद्रणपृष्ठ हवं, त्यावर ‘पुनर्मुद्रण’ हा शब्द आणि साल ठळक. कागदाला जुनाट रंग, नकली डाग असलं काही करू नका. दहा वर्षांनी ती दोन पानं फाडून कुणीतरी तीच प्रत मूळ म्हणून विकेल, आणि फसेल तो एखादा नवा संग्राहक.

आयएसबीएन, किंमत, वाटप

नव्या प्रकाशकाच्या पुनर्मुद्रणाला नवा आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) लागतो. तो राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून ऑनलाइन, विनामूल्य मिळतो; छपाईच्या दोन महिने आधी अर्ज करा. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत पाठवावी लागते. पाटोला आणि ज्या ग्रंथालयानं मूळ प्रत दिली तिथे दोन-दोन प्रती स्वतःहून द्या.

किंमत ठरवताना वीस टक्के प्रती भेट जाणार हे धरून चाला. आगाऊ नोंदणी घ्या, पण पुस्तक छापखान्यात गेल्यावरच. हक्कांच्या वाटाघाटी चालू असताना लोकांचे पैसे अडकवू नयेत. संग्राहकांसाठी २५ प्रती चांगल्या कापडात, क्रमांक घालून काढायला हरकत नाही, आतला मजकूर मात्र सगळ्यांना एकच हवा. पावसाळ्यात पाठवायची प्रत आधी प्लॅस्टिकमध्ये बंद करा, मग पुठ्ठ्यात.

टिफ फाइली तीन ठिकाणी ठेवा, त्यांतली एक जागा गोव्याबाहेरची. छापलेल्या प्रतींपैकी एक प्रत बांधायच्या आधी बाजूला काढा आणि प्रत्येक दोन पानांमध्ये एक कोरं पान घालून ती वेगळी शिवून घ्या. आमची अशी प्रत फोंड्याला माझ्या टेबलावर असते. पुस्तक निघाल्यावर तिसऱ्या आठवड्यात सावंतवाडीहून एका निवृत्त शिक्षकांचं पत्र आलं: २१४ व्या नोंदीतलं पुस्तक त्यांच्या घरी आहे, आणि त्याची पानं सूचीत दिल्यापेक्षा चार जास्त भरतात. पुढच्या रविवारी आम्ही दोघे पट्टी आणि वही घेऊन त्यांच्याकडे गेलो. ती चार पानं म्हणजे शुद्धिपत्र होतं.